माननीय, मननीय आणि एफ-३

आयटीतल्या लोकांची एक जुनी खोड आहे. माउसला हात लावणाऱ्या माणसाकडे जरा खालच्या नजरेनं बघायचं. आमच्या टीममध्ये एक जण विम वापरतो, आणि तो विम वापरतो हे त्याला भेटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळतंच. दुसऱ्यानं मेकॅनिकल कीबोर्ड घेतलाय. मीटिंगमध्ये चुकून अनम्यूट राहिला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. मीही त्याच पंथातला. व्हीएस कोडमधल्या माझ्या कीबाइंडिंग्जची फाइल दोनशे ओळींची आहे आणि तिचं मला कौतुक आहे. तर अशा लोकांमध्ये एक समज पक्का असतो: कीबोर्ड चालवावा तर प्रोग्रामरनं. वर्ड वापरणारी जनता म्हणजे मजकूर सिलेक्ट करून, वरती 'बी' शोधून, त्यावर क्लिक करणारी.

मला हे अजिबात पटत नाही. कारण आजवर मी पाहिलेला सगळ्यात तयार कीबोर्डवाला शहाद्याला झेरॉक्सच्या दुकानात बसतो, आणि त्यानं जन्मात कोडची एक ओळ लिहिलेली नाही.

त्यांना गावात सगळे आप्पा म्हणतात, मीही. पन्नाशी पार केलेले. मराठी तीस शब्द, मराठी चाळीस शब्द, दोन्ही परीक्षा टाइपरायटरवर पास. १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हा कलेक्टर कचेरीच्या कामाला धुळ्याला जाणं थांबलं. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, आणि कार्यालय आलं की अर्ज आलाच. आप्पांनी त्या सुमारास सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि तेव्हापासून ते लोकांचे अर्ज टाइप करतायत. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारस नोंद, विहिरीचं प्रकरण, ग्रामसभेचा ठराव. आणि वनहक्काचे दावे, गठ्ठ्यानं.

पुण्यातल्या वाचकांसाठी थोडक्यात: २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतोय, त्याला त्या जमिनीचा हक्क मिळावा. त्यासाठी दावा भरायचा, तो ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या ६९ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे हा काही एखाद-दुसऱ्या माणसाचा कागद नाही. घाट उतरून माणूस येतो, बाकावर बसतो, पावरीत किंवा तोडक्या मराठीत सांगतो, आणि आप्पा ते सरकारी मराठीत टाइप करतात. समोरच्या माणसाच्या हातात शेवटी जे पडतं ते कागदावरचं नाव. ते नाव बरोबर आलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

आता आप्पांची कामाची पद्धत. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा दहावीच्या सुट्टीत एमएस-सीआयटी करत होतो. क्लासमध्ये कंट्रोल-बी म्हणजे ठळक, कंट्रोल-आय म्हणजे तिरपं, असं पाठ करून घेत होते. आप्पांकडे गेलो तर ते दोन अक्षरं टाइप करून एफ-३ दाबत होते आणि स्क्रीनवर अख्खं पान उमटत होतं. 'मा. तहसीलदार साहेब' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. ऑटोटेक्स्ट. मजकूर निवडून ऑल्ट-एफ-३ दाबायचं, त्याला छोटं नाव द्यायचं, पुढच्या वेळी ते नाव लिहून एफ-३. इतकंच. पण आप्पांकडे अशी शेकड्यानं नावं होती आणि ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. वनहक्काचं एक, ठरावाचं एक, मोलगीकडच्या गावांच्या यादीचं एक. काही आडनावांनाही त्यांनी नावं दिली होती, कारण चार अक्षरी आडनाव दिवसातून चाळीस वेळा लिहायचं तर दोन अक्षरांत लिहिलेलं बरं.

टूलबारचं प्रकरण तर अजून भारी. वर्ड २००३ मध्ये (आणि त्याच्या आधीच्या काही वर्डमध्येही) टूल्समध्ये जाऊन कस्टमाइझ उघडलं की कुठलंही बटण उचलून कुठेही ठेवता यायचं, नको ते खाली ओढून फेकून देता यायचं. आप्पांनी वरच्या दोन पट्ट्यांतलं जवळपास सगळं फेकून दिलं होतं. उरली होती सात-आठ बटणं, आणि त्यातल्या तीन बटणांवरची चित्रं त्यांनी स्वतः काढली होती. त्या वर्डमध्ये बटणाचं चित्र एकेक चौकोन रंगवून बदलता यायचं, सोळा बाय सोळा चौकोनांच्या जाळीत. त्यात आप्पांनी 'दा' काढला होता, दाखल्याचा. 'ठ', ठरावाचा. आणि तिसऱ्यावर झाड. ते झाड कसलं हे सांगायला नको. सोळा चौकोनांत देवनागरी अक्षर बसवून बघा एकदा, मग कळेल :)

मायक्रोसॉफ्टनं वर्ड २००३ वापरणाऱ्यांची आकडेवारी गोळा केली होती आणि ऑफिस २००७ च्या वेळी तिथल्या जेन्सन हॅरिस यांनी ती मांडली होती. लोक वर्डमध्ये ज्या कमांड देतात त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा फक्त पाच कमांडचा: पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. एकटी पेस्टच अकरा टक्क्यांहून जास्त. बाकी शेकडो कमांड उरलेल्या दोन तृतीयांशात. आप्पांनी ही आकडेवारी कधी वाचली नसणार, पण टूलबार छाटताना त्यांनी नेमकं हेच केलं होतं.

आणि हो, कट-कॉपी-पेस्ट ज्या रूपात आपण वापरतो तेही आलं झेरॉक्सकडूनच. दुकानावरच्या पाटीतलं झेरॉक्स नाही, कंपनी. तिच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या मध्यात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा एडिटर लिहिला, त्यात हे आलं. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि तिथे लिसा कॉम्प्युटरवर अनडू, कट, कॉपी, पेस्ट यांना झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा मिळाल्या. २०२० मध्ये टेस्लर गेले तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा तोच एक मेसेज पन्नास वेळा कॉपी-पेस्ट झाला. आप्पांच्या बोटांखाली मात्र त्या चार कळा म्हणजे अनुक्रमे पायमोड्या र, ग, ब आणि अ. दुकानात नवीन पोरगा लागला की ते त्याला शिकवतात, "कंट्रोल-ब ने उचलायचं, कंट्रोल-अ ने चिकटवायचं." पोरगं शाळेत कंट्रोल-ए म्हणजे सिलेक्ट ऑल शिकून आलेलं असतं. मग जी काय मजा होते ती होते.

हे ब आणि अ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आप्पा कृतिदेव वापरतात. महाराष्ट्रातल्या अर्ध्या टायपिस्टांनी तो वापरलाय. कृतिदेव हा फॉन्ट म्हणजे एक सोंग आहे. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. दिसायला मात्र मराठी दिसतं. तुम्ही 'मराठी' लिहिता तेव्हा फाइलमध्ये खरोखर साठतात ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट त्या ई ला म चा चेहरा देतो, जे ला र चा. कळांची जागा मराठी टाइपरायटरवर होती तीच, रेमिंग्टनची, त्यामुळे मशीनवर शिकलेल्या माणसाला एका दिवसात कॉम्प्युटरवर काम सुरू करता आलं. नव्वदच्या दशकात हा उपाय झकास होता. विंडोजमध्ये देवनागरीची धड सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली, आणि एक्सपीमध्येही ती आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करावी लागायची आणि त्या चौकटीवर लिहिलेलं असायचं की गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांच्या फाइली बसवा, 'थाईसह'. मराठी लिहायची तर थाईच्या चौकटीत टिक करा, आणि वर एक्सपीची सीडी घाला. ती सीडी शहाद्यात कोणाकडे असणार! लोकांनी कृतिदेव वापरला यात नवल काय.

पण सोंग वठवायचं तर वर्डला गप्प बसवावं लागतं, आणि वर्डला गप्प बसायची सवय नाही. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं हा त्याचा आवडता उद्योग. इंग्रजीत ठीक. कृतिदेवमध्ये छोटा ई म्हणजे पूर्ण म, आणि मोठा ई म्हणजे अर्धा म. आता आपला प्रत्येक अर्ज कशानं सुरू होतो? 'माननीय'. वर्ड त्यातला पहिला ई मोठा करतो, म अर्धा होतो, आणि शेजारचा काना त्या अर्ध्या म ला चिकटून दिसायला पूर्ण म तयार होतो. काना गेला. 'माननीय जिल्हाधिकारी साहेब' चे झाले 'मननीय जिल्हाधिकारी साहेब'. साहेबांवर मनन करायला हरकत नाही, पण अर्जात नको. म्हणून कृतिदेवच्या टायपिस्टाचं वर्डमधलं पहिलं काम कुठलं बटण लावणं नसतं. ऑटोकरेक्टमध्ये जाऊन टिका काढत सुटायचं. लाल नागमोडी रेघाही बंद करायच्या, नाहीतर अख्खं पान इंग्रजी स्पेलिंगच्या चुकांनी रक्तबंबाळ. आपण कस्टमायझेशन म्हणजे सोयीनुसार काहीतरी वाढवणं समजतो. यांचं कस्टमायझेशन आधी सॉफ्टवेअरच्या आगाऊपणाला कुलूप लावण्यापासून सुरू होतं.

शोधाचं तर विचारूच नका. फाइल उघडून कंट्रोल-एफ दाबलं की शोधायच्या चौकटीत कृतिदेवचा फॉन्ट नसतो. तिथे 'वळवी' लिहिलं की दिसतं ओ, मोठा जी, ओ, एच. आप्पांना ते तसंच वाचता येतं, हे वेगळं. पण वर्डचा शोध छोटं-मोठं अक्षर सारखंच धरतो, आणि कृतिदेवमध्ये मोठा जी म्हणजे ळ आणि छोटा जी म्हणजे ह. म्हणून 'मळा' शोधायला गेलात तर वर्ड प्रत्येक 'महाराष्ट्र' वर थांबतं. सरकारी कागदात महाराष्ट्र किती वेळा येतो ते मोजून बघा. मॅच केसची टिक लावली तर हे टळतं, पण मग दुसरी भानगड. एकच अक्षर दोन रीतींनी लिहिता येतं. 'क्र' हे क आणि पायमोडा र जोडून होतं, आणि ऑल्ट धरून ०२१६ टाइप केलं तरी होतं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. फाइलमध्ये मात्र ते दोन वेगळे शब्द. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'जा.क्र.' असतो आणि कोणत्या टायपिस्टनं तो कोणत्या रीतीनं लिहिलाय हे त्या टायपिस्टलाच ठाऊक. (ऑल्टच्या आकड्यांचा तक्ता प्रत्येक डीटीपीवाल्याच्या भिंतीवर गणपतीच्या फोटोखाली चिकटवलेला असतो. आप्पांचा पाठ आहे.)

म्हणजे वीस वर्षांचं काम कॉम्प्युटरमध्ये आहे, छापता येतं, पण त्यात काही शोधता येत नाही. एखाद्या पाड्यावरचा माणूस येऊन म्हणाला की सात वर्षांपूर्वी मी दावा टाइप करून घेतला होता, त्याची प्रत पाहिजे, तर ती सापडते आप्पांच्या स्मरणशक्तीनं. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर मोबाइलमध्ये कृतिदेव नाही, उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

म्हणून युनिकोड हवंच, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सरकारी कामात युनिकोड वापरा असे आदेश राज्यात गेली कित्येक वर्षं निघतायत ते योग्यच. माझं भांडण त्या आदेशांचा जो अर्थ प्रत्यक्षात लावला जातो त्याच्याशी आहे. युनिकोड म्हणजे इन्स्क्रिप्ट, आणि इन्स्क्रिप्ट येत नसेल तर तुमची बदलायची मानसिकता नाही, असा तो अर्थ. आमच्या क्षेत्रातले लोकही हेच बोलतात. मी ऐकलंय.

इन्स्क्रिप्ट हा कळफलक म्हणून सुंदर आहे. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो आणला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क च्या कळेवर शिफ्ट धरलं की ख, ग वर धरलं की घ. नवीन शिकणाऱ्यानं तोच शिकावा. पण वीस-पंचवीस वर्षं रेमिंग्टनवर काम केलेल्या माणसाला तो शिकवणं म्हणजे उजव्या हातानं लिहिणाऱ्याला सांगणं की उद्यापासून डावा. तुमच्या-माझ्या पगारात शिकायचे दिवस धरलेले असतात. आप्पांना पानामागे पैसे मिळतात. ज्या दिवशी पानाला दुप्पट वेळ लागला त्या दिवशी घरी निम्मे.

फरक फक्त कळांच्या जागांचा नाही, क्रमाचाही आहे. टाइपरायटरवाला 'किरण' लिहिताना आधी वेलांटी मारतो आणि मग क, कारण मशीनवर कागद तसाच सरकायचा. 'कर्ज' लिहिताना क, मग ज, आणि सगळ्यात शेवटी वरचा रफार. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं: क आणि मग वेलांटी, क, र, हलन्त, ज. त्यामुळे एका कळेला एक अक्षर नेमून काम भागत नाही, मध्ये क्रम फिरवून देणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. पण तो प्रोग्राम काही चंद्रावर जायचा नाही. असे प्रोग्राम आहेत. सीडॅकच्या आयएसएममध्ये टाइपरायटरचा कळफलक निवडून युनिकोड मराठी लिहिता येतं. मायक्रोसॉफ्टच्या इंडिक इनपुटमध्येही टाइपरायटरचा पर्याय होता. बोटं रेमिंग्टनची, फाइल युनिकोडची. आपण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून घोकतो की इंटरफेस वेगळा आणि साठवण वेगळी ठेवा. मग हे तत्त्व झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचताना 'मानसिकता' कशी होते?

मायक्रोसॉफ्टला एरवी मी भरपूर शिव्या घालतो, पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली. २००७ मध्ये मेन्यू काढून रिबन आणली, सगळा चेहरा बदलला. तरी जुन्या एडिट मेन्यूतलं पेस्ट स्पेशल उघडायची ऑल्ट-ई-एस ही कळांची जोडगोळी नव्या वर्डमध्येही चालते. मेन्यू जाऊन जमाना झाला. त्यांना कळलं होतं की स्क्रीनवर काय आहे ते बदललेलं चालेल, बोटांत काय आहे ते बदललेलं चालत नाही. (अर्थात त्याच वर्ड २००७ मध्ये रिबनवरची बटणं हलवायची सोय दिली नव्हती, ती २०१० ला दिली. आप्पांचा 'दा', 'ठ' आणि झाड तिथे बसलेच नसते. असो.)

आता ळ बद्दल. हे थोडं विषयाबाहेरचं वाटेल, पण नाही.

नंदुरबार जिल्ह्यात वळवी हे आडनाव गल्लोगल्ली आहे. तालुक्याचं नाव तळोदा. टाइपरायटरवर आणि इन्स्क्रिप्टवर ळ ला स्वतःची जागा आहे, शिफ्ट धरा आणि मारा. पण इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्या सोयींमध्ये ल आणि ळ दोघांनाही इंग्रजी एलच. योग्य पर्याय निवडला नाही की वळवीचा वलवी होतो, वाल्वी होतो, तळोद्याचा तलोदा होतो. देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला, पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. आधारच्या नोंदणीत नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारी मराठीत आपोआप उमटायचं आणि ते तपासून दुरुस्त करायची जबाबदारी ऑपरेटरची. ऑपरेटरला ळ कुठे आहे ते माहीत असेल आणि मागे रांग लांब नसेल तर नाव बरोबर. मग तोच माणूस जात पडताळणीला जातो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. पुन्हा प्रतिज्ञापत्र, की वलवी आणि वळवी ही एकच व्यक्ती आहे. ते प्रतिज्ञापत्र टाइप करायला तो येतो आप्पांकडे, आणि आप्पांचं त्यासाठीसुद्धा दोन अक्षरांचं ऑटोटेक्स्ट होतं.

होतं म्हणतोय, कारण ते गेलं.

काही वर्षांपूर्वी आप्पांच्या मशीनला व्हायरस लागला. रिपेअरवाल्यानं विचारलं, डेटा कुठे आहे? आप्पा म्हणाले, डी ड्राइव्हला. मग झालं, म्हणाला तो, सी फॉरमॅट मारतो. मारला. विंडोज नवं, वर्ड नवं, डी ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा. आप्पांनी दोन अक्षरं लिहून एफ-३ दाबलं आणि काहीच झालं नाही. वर्डमधलं ऑटोटेक्स्ट, स्वतः नेमलेले शॉर्टकट, २००३ चे टूलबार, हे सगळं नॉर्मल नावाच्या एका टेम्प्लेट फाइलमध्ये असतं आणि ती फाइल असते सी ड्राइव्हवर, ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये, जे विंडोज मुद्दाम लपवून ठेवतं. रिपेअरवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्यानं विचारलं होतं. आप्पांनाही नाही, त्यांच्या दृष्टीनं ते वर्डमध्ये होतं. एवढी वर्षं घडवलेली हत्यारं अशा जागी ठेवायची की मालकाला ती दिसूही नयेत, हे डिझाइन करणाऱ्याला मात्र मी जरूर विचारीन.

माझी दोनशे ओळींची फाइल गिटहबवर आहे. लॅपटॉप उद्या नदीत पडला तरी नवीन मशीनवर पाच मिनिटांत माझी बोटं घरी. अशा फाइलींना आम्ही डॉटफाइल्स म्हणतो, एकमेकांच्या बघतो, वाखाणतो. माझ्या त्या फाइलीनं दिवसात वाचत असतील फार तर दहा मिनिटं, ज्यात मी चहा पितो. आप्पांच्या फाइलीवर दुकान चालत होतं. तिचा बॅकअप घ्यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एमएस-सीआयटीत मलाही नाही. कंट्रोल-बी सांगितलं होतं.

आप्पांनी पुन्हा जमवायला घेतलंय. मागच्या दिवाळीत बघितलं तेव्हा साठ-सत्तर झाली होती. मी त्यांना टाइपरायटरचा कळफलक ठेवून युनिकोड उमटवणारी सोय बसवून दिली. बोटांना फरक कळला नाही. पहिला शब्द त्यांनी 'माननीय' लिहिला, आणि तो माननीयच राहिला, कारण देवनागरीत कॅपिटल नावाची चीजच नाही. कंट्रोल-एफ करून 'मळा' शोधला, महाराष्ट्रावर न थांबता थेट मळ्यावर गेला, त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते सगळं बरोबर आहे रे भाऊ, पण कचेरीतला क्लार्क पेनड्राइव्हवर कृतिदेवचीच फाइल मागतो. त्याला काय देऊ?" कारण क्लार्कची बोटंही रेमिंग्टनचीच. त्याच्या मशीनवर ती सोय कुणी बसवलेली नाही. त्याला फक्त आदेश मिळालाय.

आणि हल्ली बरीचशी कामं वर्डमध्ये नाहीतच. वेबसाइटवर फॉर्म भरायचा. तिथे ना टूलबार, ना एफ-३. टाइपरायटरचा कळफलक वापरावा तर काही ठिकाणी चौकट स्वतःच इंग्रजीचं मराठी करायला धावते, पुन्हा वळवीचा वलवी. काही फॉर्ममध्ये तर पेस्टच बंद. दुसरीकडे बरोबर टाइप करून ठेवलेलं नाव तिथे चिकटवता येत नाही, पुन्हा हातानंच लिहायचं, आणि सेशन संपायच्या आत. वर्डमधली सर्वात जास्त वापरली जाणारी कमांड आपल्यापैकीच कुणीतरी दोन ओळींचं जावास्क्रिप्ट लिहून बंद करतो आणि त्याला सुरक्षितता म्हणतो. अशी रिक्वायरमेंट आली तर निदान एकदा तरी 'का?' असं विचारा. मी विचारलंय. उत्तर आलं की मागच्या प्रोजेक्टमध्ये पण होतं.

तर मंडळी, सुट्टीत गावी जाणार असाल आणि ओळखीचा टायपिस्ट असेल (असतोच), तर एक पेनड्राइव्ह घेऊन जा. फोल्डर ऑप्शन्समधून लपवलेल्या फाइली दिसतील असं करा. ॲपडेटाच्या आत रोमिंग, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स: तिथली नॉर्मल ही फाइल उचला. २००७ किंवा त्यानंतरचं वर्ड असेल तर शेजारच्या डॉक्युमेंट बिल्डिंग ब्लॉक्स या फोल्डरमधलंही घ्या, एफ-३ चा नवा माल बहुधा तिथे असतो. मायक्रोसॉफ्टच्याच आत ऑफिस नावाचं फोल्डर आहे, त्यात एमएसओ आणि पुढे आकडा असलेल्या एसीएल फाइली दिसतील. त्या ऑटोकरेक्टच्या, प्रत्येक भाषेची वेगळी. ११०२ म्हणजे मराठी, १०३३ म्हणजे अमेरिकन इंग्रजी. कृतिदेववाल्याचा खजिना मराठीत नसून इंग्रजीच्या फाइलीत सापडेल, तेव्हा सगळ्याच उचला. वर्ड २०१० च्या पुढचं असेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन रिबन आणि वरच्या छोट्या टूलबारची मांडणी एक्स्पोर्ट करा. आणि हे सगळं डी ड्राइव्हवर टाका. फोल्डरला नाव द्यायचं राहिलं तर 'दा' द्या.